डेट्रॉइटमधल्या रेषा : अमेरिकेच्या राजकारणात वंश कसा काम करतो

नोव्हेंबर २०२२ मध्ये श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ती बातमी आनंदानं छापली. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, मराठीतून आत्मचरित्र लिहिणारा माणूस वॉशिंग्टनला चालला होता. आनंद व्हावा अशीच गोष्ट. ते जिथून निवडून आले त्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमध्ये मात्र त्याच निकालाची बातमी वेगळी होती. १९५५ पासून या शहराचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, असायचा. आता एकही उरणार नव्हता. आणि डेट्रॉइटच्या दर चार रहिवाशांपैकी तीन कृष्णवर्णीय आहेत.

या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की अमेरिकेतला वंशाचा प्रश्न बराचसा उलगडतो, म्हणून या लेखात मी डेट्रॉइट सोडून फार लांब जाणार नाही. आपल्याकडे हा विषय बहुतेकदा 'गोरे काळ्यांचा द्वेष करतात' इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. द्वेष होता आणि आहेच. पण राजकारण समजून घ्यायचं तर कागदावर ओढलेल्या रेषा पाहाव्या लागतात. नागरिक कोण होऊ शकतो, घरासाठी कर्ज कुणाला मिळतं, शाळेची हद्द कुठे संपते, मतदारसंघ कुठून कुठपर्यंत जातो. या रेषा कुणीतरी ठरवून ओढल्या. ओढणारे गेले, पण रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं पिढ्यानपिढ्या वेगवेगळं मतदान करत राहिली.

गोरा म्हणजे कोण?

पहिली रेषा कायद्यातली. १७८७ च्या मूळ राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही येत नाही. पण कोणत्या राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा द्यायच्या हे ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरावीत, असा हिशोब तिच्यात आहे. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्याच्या आधारावर मालकाच्या राज्याला जास्त जागा. पुढे १७९० मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' व्यक्तीला नागरिक होता येईल, असं त्यात म्हटलं होतं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली. आशियातून आलेला माणूस गोरा की नाही, हे ठरवण्याचं काम मात्र न्यायालयांवर पडलं, आणि पुढची ऐंशी वर्षं ती ते करत राहिली.

ते निकाल आज वाचले की थक्क व्हायला होतं. १९१५ मध्ये एका अपील न्यायालयानं ठरवलं की सीरियातून आलेले लोक गोरे आहेत. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायालय म्हणालं, नुसत्या कातडीच्या रंगावर जाता येणार नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड त्या न्यायालयासमोर आले. पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झालेले. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. मुद्दा सरळ होता : त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियन ठरतात, मग ते गोरेच. ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच १९ फेब्रुवारी १९२३ रोजी हाही निकाल दिला, आणि या वेळी ते म्हणाले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर डझनावारी भारतीयांना आधी मिळालेलं नागरिकत्व सरकारनं काढून घेतलं. पंडितांचंही काढून घेण्याचा प्रयत्न झाला. ते मात्र न्यायालयात टिकले.

थिंड यांच्या बाजूनं आणखी एक युक्तिवाद झाला होता, आणि मराठी वाचकानं तिथे जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं. उच्च जातीचा हिंदू जातीबाहेर लग्न करत नाही म्हणून त्याचं रक्त शुद्ध राहिलं आहे, आणि अमेरिकी माणूस निग्रोकडे ज्या नजरेनं पाहतो त्याच नजरेनं हा हिंदू भारतातल्या आदिवासींकडे पाहतो, असं न्यायालयाला सांगण्यात आलं. आपल्याकडची उतरंड तिकडच्या उतरंडीत वरची पायरी मिळावी म्हणून पुरावा म्हणून मांडली गेली. त्याच्या बरोबर ५० वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी जी निष्ठा दाखवली तिचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्ततेसाठी गिरवावा, ही त्यांची आशा होती. पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करत होते त्याच्या प्रती मागितल्या, तेव्हा ते फुल्यांच्याच वाटेवर उभे होते. भारतातून अमेरिकेकडे पाहायच्या या दोन जागा तेव्हाही होत्या आणि आजही आहेत.

डेट्रॉइटमध्येही असा एक खटला झाला. १९४२ मध्ये येमेनहून आलेल्या अहमद हसन यांचा नागरिकत्वाचा अर्ज तिथल्या संघीय न्यायालयानं फेटाळला. अरब, त्यातून येमेनी, वर्ण सावळा, धर्म इस्लाम; न्यायाधीशांच्या मते हा माणूस गोरा ठरू शकत नव्हता. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यायालयानं दुसऱ्या एका अरबाला गोरा ठरवलं. डेट्रॉइटच्या अरबांकडे आपण शेवटी परत येऊ.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं, पण भारतातून नव्यानं येणाऱ्यांना वर्षाला १०० जणांचीच मर्यादा होती. १९५२ मध्ये वंशाची अट कायद्यातून गेली आणि १९६५ च्या कायद्यानं देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली. अमेरिकेतली आजची बहुतेक मराठी घरं या १९६५ नंतरची आहेत. गंमत अशी नाही, पण विचार करण्याजोगी गोष्ट ही की १९७० च्या जनगणनेत भारतीय लोक 'गोरे' म्हणून मोजले गेले होते. मग भारतीयांच्या संघटनांनीच मागणी केली की आम्हाला वेगळं मोजा, आणि १९८० मध्ये त्यांचा स्वतंत्र रकाना आला. १९२३ मध्ये गोरं ठरल्याशिवाय नागरिकत्व नव्हतं. १९७० च्या दशकात नागरी हक्कांचे कायदे लागू झाले होते, भेदभावाविरुद्ध दाद मागायची तर आपला गट आकड्यांत दिसणं गरजेचं होतं. माणसं तीच, रक्त तेच. कायद्यात काय मिळतं यावरून वंशाचं नाव बदललं.

सहा फूट उंचीची भिंत

डेट्रॉइट शहराची उत्तरेची हद्द म्हणजे आठ मैल रस्ता, एट माइल रोड. त्याच्या जरासं दक्षिणेला, घरांच्या परसांमागून एक सिमेंटची भिंत गेली आहे. उंची सहा फूट, लांबी साधारण अर्धा मैल. ती १९४१ मध्ये एका बिल्डरनं बांधली.

का बांधली, हे समजलं की निम्मं अमेरिकी राजकारण समजतं. १९३४ मध्ये अमेरिकी सरकारनं गृहकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली. हमी असली की बँक कमी पैसे भरून घेऊन लांब मुदतीचं कर्ज देई. आज आपण ज्याला अमेरिकी मध्यमवर्ग म्हणतो तो या हमीवर उभा राहिला. पण हमी देण्याआधी वस्तीत 'जोखीम' किती हे तपासलं जाई, आणि शेजारी कृष्णवर्णीय राहत असणं ही जोखीम मानली जाई. त्याच सुमाराला दुसऱ्या एका सरकारी संस्थेनं शहराशहरांचे नकाशे केले. त्यांत सर्वांत 'धोक्याच्या' वस्त्या लाल रंगात दाखवल्या. रेडलायनिंग हा शब्द तिथून आला. या बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण जागा कृष्णवर्णीय वस्तीला लागून होती. हमी मिळेना. मग मध्ये भिंत आली, आणि भिंत आल्यावर हमी मिळाली.

या सगळ्यात कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी कुणाला मारलं नाही. एक अर्ज आला, एक अट घातली गेली, एक अट पूर्ण झाली. भिंतीच्या एका बाजूच्या कुटुंबाला घर मिळालं, घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलं कॉलेजात गेली. दुसऱ्या बाजूच्या कुटुंबाला भाडं भरत राहावं लागलं, नाहीतर चढ्या दरानं हप्त्यावर घर घ्यावं लागलं. पन्नास वर्षांनी दोघांच्या नातवंडांची बचत मोजली तर फरक दिसणारच, आणि मग एक नातू म्हणणार की आम्ही कष्टानं मिळवलं, दुसरा म्हणणार की आम्हाला मिळूच दिलं नाही. दोघंही खरं बोलत असतात. करांवरून, कल्याणकारी योजनांवरून, नुकसानभरपाईवरून अमेरिकेत जी कडू भांडणं होतात त्यांच्या मुळाशी मला ही भिंत दिसते.

कृष्णवर्णीय लोक डेट्रॉइटला आले कुठून? दक्षिणेतून. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. डेट्रॉइटमध्ये १९१० मध्ये ते सहा हजारही नव्हते, १९५० मध्ये तीन लाख झाले. मोटारींच्या कारखान्यांत काम होतं, आणि राजकारणाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथे मत देता येत होतं. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं मताधिकार कागदावर कृष्णवर्णीय पुरुषांनाही दिला होता, पण दक्षिणेत मतदानकर, वाचनाची परीक्षा आणि उघड दहशत यांनी तो काढून घेतला होता. मिसिसिपीत १९६४ मध्येही पात्र कृष्णवर्णीयांपैकी फक्त ६.७ टक्के लोकांची मतदार म्हणून नोंद होती. मिसिसिपीतून डेट्रॉइटला आलेला माणूस आगगाडीतून उतरताना खऱ्या अर्थानं पहिल्यांदा मतदार होत होता.

राहायला जागा मात्र त्याला ठरावीक वस्त्यांतच मिळे. १९४३ च्या दंगलीत ३४ माणसं मेली, त्यांतली २५ कृष्णवर्णीय. घराच्या खरेदीखतातच 'गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये' अशी अट असे. ती अट न्यायालयांनी राबवू नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये दिला, त्यातला एक खटला डेट्रॉइटचाच होता. मग गोरी कुटुंबं आठ मैल रस्ता ओलांडून उपनगरांत जाऊ लागली. ब्लॅक बॉटम नावाची जुनी कृष्णवर्णीय वस्ती पुनर्विकासासाठी आणि महामार्गासाठी पाडली गेली. १९६७ च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या एका छाप्यातून दंगल पेटली, ४३ माणसं मेली, आणि शहर सोडणाऱ्यांचा वेग वाढला. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांवर आलं. १९७३ मध्ये कोलमन यंग हे डेट्रॉइटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले, तेव्हा करदाते आणि कारखाने दोन्ही रस्त्यापलीकडे निघाले होते.

पक्षांनी जागा कशा बदलल्या

गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन होते, मग आज कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक पक्षाला मत का देतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बदल एका रात्रीत झाला नाही. १९३० च्या मंदीत डेमोक्रॅटिक अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या योजनांमुळे उत्तरेतल्या शहरांतले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सकडे वळले. त्याच पक्षात दक्षिणेतले वर्णभेदवादी गोरेही होते. एका घरात दोघंही किती दिवस राहणार? १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायदा संमत करून घेतला. त्याविरुद्ध सिनेटमध्ये मत देणारे बॅरी गोल्डवॉटर त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते. ते देशभर सपाटून हरले, पण दक्षिणेतली पाच राज्यं त्यांनी जिंकली. जॉन्सन यांच्यानंतर आजपर्यंत एकाही डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवाराला गोऱ्या मतदारांचं बहुमत मिळालेलं नाही.

ही दक्षिणेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण १९७२ च्या मे महिन्यात मिशिगनमध्ये काय झालं ते पाहा. अलाबामाचे वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी मिशिगनची डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारं मतदान, निम्म्याहून अधिक मतं घेऊन जिंकली. कारखान्यांच्या, कामगार संघटनांच्या, उत्तरेतल्या मिशिगनमध्ये! कारण होतं बसिंग. डेट्रॉइटच्या शाळांत जवळपास सगळी मुलं कृष्णवर्णीय होत चालली होती, उपनगरांतल्या शाळांत जवळपास सगळी गोरी. संघीय न्यायाधीशांपुढे प्रश्न होता की ही मुलं बसमधून एकमेकांच्या शाळांत पाठवून मिसळायची का. न्यायाधीशांनी ५३ उपनगरी शाळामंडळांना त्या योजनेत घेतलं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती योजना रद्द केली : उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून शाळामंडळाची हद्द ओलांडता येणार नाही. पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी वेगळं मत नोंदवताना म्हटलं की आपली महानगरं एक गोरं आणि एक काळं अशा दोन शहरांत विभागू देणं आज सोपं वाटेल, पण पुढे लोकांना त्याचा पश्चात्ताप होईल.

माझ्या दृष्टीनं हा निकाल अमेरिकेच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या सर्वांत परिणामकारक निकालांपैकी आहे, आणि आपल्याकडे त्याचं नावही फारसं कुणी घेत नाही. त्यानं हद्दीला कायद्याचं कवच दिलं. आता कुणाला वंशाबद्दल एक शब्दही बोलायची गरज उरली नाही. 'आमच्या गावची शाळा', 'आमचा कर', 'आमचा शांत मोहल्ला' एवढं म्हणणं पुरेसं होतं.

आठ मैल रस्त्याच्या उत्तरेला मॅकोम काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. १९६० मध्ये तिथल्या ६३ टक्के मतदारांनी डेमोक्रॅट केनेडींना मत दिलं होतं; १९८४ मध्ये जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी रिपब्लिकन रेगन यांना. तेच मोटार कामगार, तीच संघटनेची कार्डं खिशात. 'रेगन डेमोक्रॅट' हा शब्दप्रयोग या काउंटीमुळे गाजला. हे सगळे लोक वंशद्वेष्टे होते असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही आहे. कारखाने बंद पडत होते, जपानी गाड्या येत होत्या, पोरांना बापासारखी नोकरी मिळत नव्हती. पण त्या भीतीला जो चेहरा दिला गेला तो रस्त्यापलीकडच्या माणसाचा होता. त्याच मॅकोमनं २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामांना निवडलं, आणि २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास आघाडी दिली. ट्रम्प यांनी अख्खं मिशिगन राज्य जिंकलं होतं १०,७०४ मतांनी. एका काउंटीचं मन कुठे कलतं यावर जगाची दिशा ठरते, ती अशी.

मतदारसंघ : कोंबायचे की फोडायचे?

आता ठाणेदारांच्या जागेकडे येऊ. आपल्याकडे लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. १९३२ च्या पुणे करारात डॉ. आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघ सोडून राखीव जागांवर समाधान मानावं लागलं, आणि इतरांच्या मतांवर निवडून येणारा आपला माणूस खरोखर आपला राहील का, हा त्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. अमेरिकेत यांतलं काहीच नाही. राखीव जागा नाहीत, स्वतंत्र मतदार नाहीत. अल्पसंख्य गटाचा प्रतिनिधी निवडून येईल की नाही, याचा सगळा भार मतदारसंघाच्या सीमारेषेवर पडतो.

ती रेषा दोन प्रकारे वापरता येते. कृष्णवर्णीय मतदार चार मतदारसंघांत थोडे थोडे फोडले, तर ते सगळीकडे अल्पमतात जातात. किंवा सगळे एकाच मतदारसंघात कोंबले, तर तिथे त्यांचा उमेदवार ८० टक्क्यांनी निवडून येतो आणि बाकीच्या तीन ठिकाणी त्यांना कुणी विचारत नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं आधी नोंदणीचे अडथळे पाडले. मिसिसिपीतली नोंदणी दोनतीन वर्षांत ६.७ वरून जवळपास ६० टक्क्यांवर गेली. १९८२ मध्ये काँग्रेसनं त्यात भर घातली की हेतू सिद्ध झाला नाही तरी चालेल, परिणाम भेदभावाचा असेल तर दाद मागता येईल. त्यातून १९९० च्या दशकात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे) लोक बहुसंख्य असलेले बरेच मतदारसंघ आखले गेले. आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रेषा मुख्यतः वंशाकडे पाहून ओढली तर तेही घटनाबाह्य ठरू शकतं. नकाशा काढणाऱ्यानं वंशाकडे पाहायचंही आणि फार पाहायचंही नाही. २०१३ मध्ये त्याच न्यायालयानं, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे ती व्यवस्था मोडीत काढली.

गाठ आणखी घट्ट झाली २०१९ मध्ये. पक्षाच्या फायद्यासाठी रेषा वाकवणं हा संघीय न्यायालयांचा विषय नाही, असा निकाल आला. दर दहा कृष्णवर्णीय मतदारांपैकी आठ-नऊ एकाच पक्षाला मत देत असतील, तर नकाशा काढणारा सांगू शकतो की मी डेमोक्रॅट फोडले, कृष्णवर्णीय नव्हे. वंश आणि पक्ष एकमेकांत इतके विणले गेलेत की धागा कुठला हे न्यायाधीशांनाही सांगता येईना.

मिशिगनच्या लोकांनी यावर चांगल्या मनानं एक उपाय शोधला होता. २०१८ च्या सार्वमतानं रेषा ओढण्याचं काम आमदारांकडून काढून १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. आयोगानं विचार केला की डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय कोंबलेले आहेत, त्यांना उपनगरांशी जोडलं तर त्यांचा प्रभाव जास्त जागांवर पडेल. नवे मतदारसंघ आठ मैल रस्ता ओलांडून लांबच लांब पसरले. आधीच्या नकाशात काँग्रेसचे दोन मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुसंख्येचे होते, नव्या नकाशात एकही राहिला नाही.

अशा मतदारसंघात २०२२ ची डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक झाली. रिंगणात नऊ उमेदवार होते, त्यांतले बरेच कृष्णवर्णीय. समाजातल्या नेत्यांनी एकाच उमेदवारामागे उभं राहायचा प्रयत्न केला, तो पुरता जमला नाही. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर खर्च करून घराघरांत नाव पोहोचवलं आणि सुमारे २८ टक्के मतांवर उमेदवारी मिळवली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाचा जो उमेदवार होता तो स्वतः कृष्णवर्णीय होता, आणि तो मोठ्या फरकानं हरला. उमेदवाराच्या रंगापेक्षा त्याच्या पक्षाचा रंग मतदाराला जास्त सांगून जातो, हे या एका जागेवर स्पष्ट दिसतं. ठाणेदारांनी कुणाची जागा हिरावली असं मी म्हणणार नाही. नियमांप्रमाणे उभे राहिले, जिंकले, २०२४ मध्ये पुन्हा जिंकले. पण सत्तर वर्षं जपलेली जागा गेल्याची डेट्रॉइटकरांची हळहळही मला पूर्ण समजते, आणि आपल्या आनंदात ती ऐकू यायला हवी होती. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयानं याच आयोगानं आखलेले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ रद्द केले, कारण ते आखताना वंशाचा हिशोब सर्वांत वरचढ ठरला होता. भल्या हेतूनं ओढलेली रेषाही तिथेच येऊन अडली.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मराठी घरांत फार आहे. अमेरिकेतली 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' म्हणजे आपलं आरक्षण नव्हे. ठरावीक जागा राखून ठेवणं विद्यापीठांना १९७८ पासूनच बंद होतं. प्रवेश देताना वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहता येत असे, एवढंच. मिशिगननं २००६ मध्ये सार्वमतानं राज्याच्या विद्यापीठांत तेही बंद केलं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर.

डिअरबॉर्नचा रकाना

वंशावरून मत ओळखता येतं असं वरचं वाचून वाटेल, तर डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नकडे पाहा. फोर्ड कंपनीचं हे शहर आज अरबबहुल आहे. २०२० मध्ये तिथे जो बायडन यांना भरघोस मतं मिळाली होती. गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर, फेब्रुवारी २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत मिशिगनमधल्या एक लाखाहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी बायडन यांच्याऐवजी 'कुणालाच बांधील नाही' या पर्यायावर खूण केली. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले, कमला हॅरिस दुसऱ्या. टेक्सासच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत जवळपास सगळे मतदार हिस्पॅनिक आहेत; शंभरहून अधिक वर्षांत तिथे पहिल्यांदाच रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला. 'हिस्पॅनिक' या एका शब्दाखाली मियामीतला क्युबन, न्यूयॉर्कमधला पोर्टोरिकन आणि टेक्सासात सात पिढ्या राहिलेला मेक्सिकन वंशाचा माणूस कोंबलेला आहे. त्यांनी एकसारखं मत का द्यावं?

शिवाय कोण कुठल्या गटातलं, हा वाद संपलेलाच नाही. जुलै २०२४ मध्ये शिकागोत, कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात, ट्रम्प यांनी हॅरिस आधी भारतीय होत्या आणि मग अचानक कृष्णवर्णीय झाल्या असा आरोप केला. आई तमिळ, वडील जमैकाचे, त्यामुळे त्या पहिल्यापासून दोन्ही होत्या. पण जनगणनेचा फॉर्म कित्येक दशकं एकच चौकोन निवडायला लावत होता. एकाहून जास्त चौकोनांवर खूण करायची मुभा २००० मध्ये आली.

डिअरबॉर्नच्या अरबांसाठी तर चौकोनच नव्हता. अहमद हसन यांना १९४२ मध्ये गोरं नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं, आणि नंतर त्यांच्या लोकांना जनगणनेत सक्तीनं 'गोरे' मोजलं गेलं. म्हणजे भेदभाव झाला तरी आकड्यांत तो दिसणार नाही, आणि मतदारसंघ आखताना आपला समाज इतका आहे हे दाखवता येणार नाही. तिथल्या संघटनांनी यासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला : 'मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका' असा स्वतंत्र रकाना ठरला, आणि हिस्पॅनिक असणं व वंश हे दोन वेगळे प्रश्न एकत्र करण्यात आले. त्या नियमाप्रमाणे २०३० चा फॉर्म निघाला, तर डिअरबॉर्नमधलं येमेनी कुटुंब पहिल्यांदाच स्वतःच्या नावाच्या चौकोनावर खूण करेल. जवळच्याच उपनगरातलं मराठी कुटुंब १९८० मध्ये मागून घेतलेल्या आपल्या चौकोनावर करेल. आणि त्या खुणा मोजून झाल्या की १३ जणांचा आयोग पुन्हा नकाशा उघडून बसेल, आठ मैल रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे.